टेक्सासच्या आडबाजूच्या काउंटीत आपल्या माणसाला अटक झाली तर जेलचं रेकॉर्ड कसं शोधायचं

रात्री पावणेबारा वाजता ताईचा साताऱ्याहून फोन आला, तिकडे सकाळचे सव्वादहा वाजलेले, आणि फोन उचलल्या उचलल्या रडायलाच लागली. भाचा एल पासोला एमएस करतो, तो माझ्याकडे डॅलसला यायला निघाला होता, वाटेतून रूममेटला एक मेसेज केला की पोलिसांनी थांबवलंय, आणि मग फोन बंद. बाकी काहीच माहीत नाही. मी या देशात बरीच वर्षं आहे तरी त्या रात्री मला कळेना की कुणाला फोन करायचा. तो सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, आणि आता विचार केला तर लक्षात येतं की नीट माहिती असती तर दोन तासांत सापडला असता. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, हे वकिलाच्या सल्ल्याच्या जागी धरू नका, पण माणूस नेमका कुठे आहे हे शोधायला वकील लागत नाही, कारण टेक्सासमध्ये अटकेची मूळ माहिती कायद्याने सार्वजनिक आहे.

ह्यूस्टन किंवा डॅलससारख्या मोठ्या शहरांच्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) हे सोपं असतं, साइटवर नाव टाकलं की माणूस दिसतो. अडचण होते ती मधल्या ओसाड पट्ट्यात. हडस्पेथ काउंटीचंच बघा, क्षेत्रफळ सुमारे ११,८०० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा जास्त, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं ३,२०२. शेजारच्या कल्बरसनमध्ये २,१८८. अशा ठिकाणी रात्री जेलचा फोन घेणारा आणि इमर्जन्सीचा फोन घेणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो, साइट अपडेट करायला वेगळा माणूस कुठून येणार. हे आधी समजून घ्या म्हणजे साइटवर नाव दिसलं नाही की लगेच धीर सुटणार नाही.

सुरू करण्याआधी हे समोर घेऊन बसा

– पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवून घ्या, आठवणीवर जाऊ नका
– जन्मतारीख, अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस
– ड्रायव्हर लायसन्स कुठल्या राज्याचं आहे, गाडीचा नंबर, मॉडेल, रंग
– शेवटचं लोकेशन आणि ते किती वाजताचं
– व्हिसाचा प्रकार, आणि असेल तर एलियन नंबर (परदेशी माणसाला इमिग्रेशन खातं देतं तो)
– वही-पेन. कोणाशी किती वाजता बोललो, त्याचं नाव काय, तो काय म्हणाला, सगळं लिहायचं

१. आधी काउंटी नक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, वेगळा, निवडून आलेला, त्याचं जेल वेगळं, साइट वेगळी. सगळ्या काउंटी जेलमधली आजची माणसं एका जागी दिसतील असं सरकारी पान नाही. त्यामुळे माणूस नेमका कुठे थांबवला गेला यावर सगळं अवलंबून.

फोनचं शेवटचं लोकेशन, गुगल मॅप्सवर शेअर केलेलं असेल तर ते, नाहीतर पेट्रोल पंपावरचा कार्डाचा शेवटचा खर्च, यातलं काहीही चालतं. आय-टेन हायवेवर एल पासोहून पूर्वेला निघालं की एल पासो काउंटी, मग हडस्पेथ, मग कल्बरसन, जेफ डेव्हिसचा एक तुकडा, मग रीव्ह्ज, तिथेच आय-ट्वेंटी फुटतो डॅलसकडे, आणि आय-टेनवरच राहिलात तर पुढे पेकॉस, क्रॉकेट. शेवटचा माइल मार्कर (हायवेच्या कडेचा मैलाचा आकडा) कळला तर नकाशावर काउंटीची हद्द बघून जवळजवळ खात्रीने सांगता येतं. हद्दीच्या अगदी जवळ असेल तर दोन्ही काउंट्या धरून चाला.

आता नावांचा घोळ. पेकॉस हे गाव पेकॉस काउंटीत नाहीच, ते रीव्ह्ज काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, आणि पेकॉस काउंटीचं मुख्य ठिकाण आहे फोर्ट स्टॉक्टन. क्रॉकेट काउंटीचं ओझोना, पण क्रॉकेट नावाचं गाव आहे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला ह्यूस्टन काउंटीत, आणि ह्यूस्टन शहर तर हॅरिस काउंटीत. शिवाय जेफ डेव्हिस काउंटी जॉर्जियातही आहे, क्रॉकेट काउंटी टेनेसीतही. म्हणून सर्च करताना काउंटीचं नाव, 'काउंटी' हा शब्द आणि 'टेक्सास' तिन्ही टाका, आणि साइट उघडल्यावर पत्ता कुठल्या राज्यातला आहे तो वाचा.

आमची चूक वेगळीच होती. रूममेट म्हणाला की याला वर्षापूर्वी एका काउंटीत स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं, ते भरलं नव्हतं, त्याचंच काहीतरी असणार. मी रात्रभर त्या काउंटीला फोन करत बसलो. तिकीट खरंच तिथलं होतं, न भरल्यामुळे वॉरंटही तिथूनच निघालं होतं, पण पकडला दुसऱ्याच काउंटीत, हेडलाइट बंद म्हणून थांबवलं आणि कॉम्प्युटरवर वॉरंट दिसलं. जिथे पकडतात तिथल्या जेलमध्ये आधी नेतात. वॉरंट कुठलं आहे यावरून शोधायला जाऊ नका.

२. पकडलं कोणी

हायवेवर थांबवणारा राज्य पोलिसांचा ट्रूपर असो, शेरीफचा डेप्युटी असो की एखाद्या गावचा पोलिस, बुकिंग, म्हणजे जेलमध्ये नोंद करून घेणं, बहुतेक वेळा काउंटी जेलमध्येच होतं. काही छोट्या काउंट्यांना स्वतःचं जेल नाही किंवा जागा भरलेली असते, मग शेजारच्या काउंटीत पाठवतात, हे फोनवर मुद्दाम विचारायचं.

बॉर्डर पट्ट्यात मात्र अजून एक शक्यता धरावी लागते. सिएरा ब्लँकाजवळ आय-टेनवर पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या केंद्रीय दलाचं, चेकपॉइंट आहे, तिथे अमली पदार्थ हुंगणारे कुत्रे असतात. न्यू मेक्सिकोत गांजा कायदेशीर आहे, तिथून मुलं गमीज किंवा व्हेप घेऊन येतात, त्यांना वाटतं साधी गोष्ट आहे, पण टेक्सासमध्ये टीएचसीचा (गांजातला नशा आणणारा घटक) अर्क एक ग्रॅमपेक्षा कमी असला तरी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, लागते. (तुमच्या घरात या भागात शिकणारं कोणी असेल तर हे आजच सांगा, खरंच सांगतो.) असा माणूस काउंटीच्या ताब्यात जाऊ शकतो किंवा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ताब्यात, आणि फेडरल ताब्यातला माणूस काउंटीच्या यादीत दिसेलच असं नाही. बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये रेंजरने पकडलं तर तेही फेडरल.

३. जेल रोस्टर

आत्ता जेलमध्ये कोण आहे त्या यादीला रोस्टर म्हणतात. शेरीफच्या साइटवर 'जेल रोस्टर', 'इनमेट सर्च', 'इनमेट लुकअप' किंवा 'करंट बुकिंग्ज' असं काहीतरी शोधा. कुठे ती नाव टाकून शोधायची असते, कुठे रोज सकाळी टाकलेली एक पीडीएफ, कुठे शेरीफ ऑफिसच्या फेसबुक पानावर, आणि कुठे ऑनलाइन काहीच नसतं. साइटच्या पत्त्यात डॉट गव्ह किंवा टीएक्स डॉट यूएस असेल तर सहसा अस्सल सरकारी. गुगलवर सगळ्यात वर ज्या साइट येतात, काउंटीचं नाव आणि 'अरेस्ट रेकॉर्ड्स' असं लिहिलेल्या, त्या बहुतेक खासगी असतात, दहा मिनिटं रेघ पुढे सरकवत नेतात, 'रिपोर्ट सापडला' म्हणतात आणि मग कार्ड नंबर मागतात. मी त्या रात्री तीस डॉलर भरले आणि हाती आला भाच्याच्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचा न्यू जर्सीतला जुना पत्ता. ताज्या अटकेची माहिती यांच्याकडे नसतेच, एक पैसा भरू नका.

नाव शोधताना आपल्या लोकांना एक खास त्रास होतो. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. समजा प्रसाद विलास कुलकर्णी. बुकिंग करणारा ते कसंही टाकू शकतो, आडनाव कुलकर्णी, किंवा आडनावाच्या जागी विलास, किंवा प्रसादविलास सगळं जोडून. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांच्या व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, आणि मग जेलच्या यादीतही तो माणूस एफएनयू नावानेच असू शकतो. म्हणून आधी फक्त आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, मग वडिलांच्या नावाची, मग एफएनयू. यादी छोटी असेल तर शोधूच नका, वरपासून खालपर्यंत सगळी वाचा, छोट्या काउंटीत वीस-तीस नावं असतात. आमचा भाचा वडिलांच्या नावाखाली होता, मी ती यादी पहाटे चारला बघितली होती आणि पुढे गेलो होतो.

अटक झाली आणि नाव लगेच यादीत आलं असंही होत नाही. रस्त्यावरून जेलपर्यंतच शंभर किलोमीटर असू शकतात, मग बोटांचे ठसे, फोटो, सामानाची नोंद, हे सगळं होऊन नाव चढायला बरेच तास जातात. उलट बाजूनेही, सुटला की नाव बऱ्याच ठिकाणी यादीतून जातं, त्यामुळे दिसल्या दिसल्या स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर वकिलाला लागतो.

वाइनलिंक नावाची फुकट साइट आहे, गुन्ह्यातल्या पीडितांना आरोपी सुटल्याची खबर मिळावी म्हणून केंटकीत १९९४ साली सुरू झालेली व्यवस्था, आता देशभर पसरलीय. तिथेही नाव टाकून बघा, पण सगळ्या काउंट्या त्यात नाहीत, तेव्हा तिथे नाही सापडला म्हणजे अटक झाली नाही असं धरू नका. आणि टेक्सासच्या राज्य तुरुंगांची सर्च वेगळी असते, ती शिक्षा झालेल्यांसाठी, काल पकडलेला माणूस तिथे कधीच दिसणार नाही. डीपीएसची, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याची, पैसे घेऊन चालणारी सर्च आहे, ती मुख्यतः दोष सिद्ध झालेल्या केसेसची, तीही आत्ता उपयोगाची नाही.

४. फोन करा

माझ्या मते छोट्या काउंटीत साइटवर पंधरा मिनिटं घालवा आणि सरळ फोन उचला. ९११ला नाही, शेरीफ ऑफिसचा साधा नॉन-इमर्जन्सी नंबर, तो रात्रीही कोणीतरी उचलतं. एल पासो आणि हडस्पेथ माउंटन टाइमवर आहेत, बाकी जवळजवळ सगळा टेक्सास सेंट्रलवर, म्हणजे डॅलसला आठ वाजले तेव्हा तिथे सात, ऑफिस उघडायचंय.

शांतपणे बोला. मी पहिल्यांदा चिडूनच बोललो, त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या काउंटीत मी एवढंच म्हणालो की माझा भाचा रात्री हायवेवर थांबवला गेला, तो तुमच्याकडे आहे का बघता का, नाव परदेशी आहे, स्पेलिंग एकेक अक्षर सांगतो, जन्मतारीख अमुक. त्या बाईंनी तीन मिनिटांत सांगितलं. जन्मतारीख दिली की बऱ्याचदा नावाचा घोळ आपोआप सुटतो. आहे म्हणाले तर हे विचारा आणि लिहून घ्या:

– बुकिंग नंबर आणि बुकिंगची वेळ
– चार्ज काय, आणि कुठल्या काउंटीचा
– मॅजिस्ट्रेटसमोर नेलं का, नसेल तर साधारण कधी
– बॉण्ड (जामिनाची रक्कम) ठरला का, किती, कॅश की शुअरिटी (जामीन देणाऱ्या एजंटमार्फत), पैसे कशा स्वरूपात घेता
– दुसरा कुठला होल्ड आहे का (म्हणजे आणखी कोणी याला मागितलंय का)
– औषधं लागतात हे कुणाला सांगायचं (डायबेटिस, दमा असेल तर हे सगळ्यात आधी)
– गाडी कुठल्या टोइंगवाल्याने नेली, कारण तिथे रोजचं भाडं चढत असतं

नाही म्हणाले तर 'अजून बुकिंग व्हायचंय का' आणि 'तुमची माणसं दुसऱ्या काउंटीत ठेवता का' हे दोन प्रश्न विचारून मगच ठेवा. घटना काय झाली, त्याने काय केलं असेल, यावर तुम्ही फोनवर एक शब्द बोलायचा नाही. भाच्याचा फोन आला तरी नाही, जेलमधले फोन रेकॉर्ड होतात. 'जेवलास का, तब्येत ठीक आहे का, केसबद्दल कुणाशी बोलू नकोस, वकील हवा म्हण' एवढंच. मराठीत बोललो म्हणजे कुणाला कळणार नाही असं समजू नका.

५. नोंद वाचायची कशी

मिसडिमीनर म्हणजे हलका गुन्हा, ए, बी आणि सी वर्गाचा, सी म्हणजे फक्त दंडाचा. फेलनी म्हणजे गंभीर. 'एफटीए' म्हणजे कोर्टात हजर राहिला नाही. 'होल्ड' हा शब्द नीट बघा, होल्ड असेल तर इथला बॉण्ड भरूनही माणूस बाहेर येत नाही, दुसऱ्या काउंटीने किंवा इमिग्रेशनने मागितलेला असतो. आईसचा, म्हणजे इमिग्रेशनच्या केंद्रीय खात्याचा, डिटेनर (आमच्या ताब्यात द्या अशी मागणी) असेल तर पैसे भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण जेलमधून सुटला की सरळ त्यांच्या हातात जाऊ शकतो.

आणि ही नोंद म्हणजे फक्त पोलिसांनी लावलेला आरोप, दोषी ठरला असं नाही. ताईला हे समजावायला मला अर्धा तास लागला, कारण आपल्याकडे जेल म्हटलं की संपलंच असं वाटतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, एकदा पसरला की परत घेता येत नाही.

६. मॅजिस्ट्रेट आणि बॉण्ड

टेक्सासमध्ये अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, खेड्यात हे काम बहुधा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक छोटा न्यायाधीश, करतो. तिथेच आरोप सांगतात, बॉण्ड ठरतो आणि सरकारी खर्चाने वकील हवा का विचारतात, तेव्हा पैसे नसतील तर हो म्हणायचं, लाज नाही. कॅश बॉण्ड पूर्ण भरला आणि सगळ्या तारखांना हजर राहिला तर केस संपल्यावर पैसे परत मिळतात. बॉण्ड्समनला, म्हणजे फी घेऊन जामीन देणाऱ्या एजंटला, दिलेली फी, जी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, ती परत येत नाही. त्या जेलला कुठले बॉण्ड्समन चालतात ते जेललाच विचारा.

रोस्टर सगळ्यांना दिसतो, ठगांनाही. नाव, चार्ज, रक्कम वाचून ते घरी फोन करतात, मी डेप्युटी बोलतोय, आत्ता झेलने (पैसे पाठवायची ऑनलाइन सेवा) पाठवा नाहीतर गिफ्ट कार्डाचे नंबर द्या, तासाभरात सोडतो. कुठलंही जेल गिफ्ट कार्डावर माणूस सोडत नाही. असा फोन आला की ठेवा आणि तुम्ही स्वतः शोधलेल्या शेरीफच्या नंबरवर परत फोन करा. भारतात आई-वडिलांनाही हे फोन जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा की पैसे फक्त इथला माणूस भरेल.

७. काउंटीत नाहीच सापडला तर

आईसची ऑनलाइन डिटेनी लोकेटर साइट आहे, एलियन नंबर आणि जन्मदेश किंवा नाव आणि जन्मदेश टाकायचा, पण नाव त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळावं लागतं, म्हणून वर सांगितलेले सगळे प्रकार टाकून बघा. बॉर्डर पेट्रोलच्या ताब्यातला माणूस तिथे दिसायला दोन दिवस लागू शकतात. शेजारच्या काउंट्या आणि हॉस्पिटलंही फोन करून बघा.

आपला माणूस भारतीय नागरिक असेल तर व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे त्याला आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे. पण भारताच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, त्याने स्वतः मागावं लागतं, आणि घाबरलेलं पोरगं 'नको, घरी कळेल' म्हणतं. टेक्सास ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीकडे येतं, तुम्हीही त्यांना कळवू शकता, परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरूनही.

८. कोर्टाचे कागद आणि लेखी अर्ज

माणूस सुटला की सगळे हुश्श करतात आणि हे राहून जातं. जेलची नोंद एका जागी, केस दुसऱ्या जागी. सी वर्गाच्या केसेस जस्टिस ऑफ द पीस किंवा गावच्या कोर्टात, ए आणि बी काउंटी क्लर्ककडे, फेलनी डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत हे दोन्ही क्लर्क बहुधा एकच व्यक्ती असते, त्यामुळे उलट सोपं जातं. फोन करून नाव आणि जन्मतारीख सांगा, केस नंबर मागा. अटकेनंतर केस दाखल व्हायला आठवडे, कधी महिने जातात, तेव्हा 'काही नाही' म्हणाले म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही, दर महिन्याला विचारत राहा, आणि पत्ता बदलला तर कोर्टाला कळवा. भाच्याचं वॉरंट निघालं ते याच कारणाने, कोर्टाची पत्रं जुन्या घरी जात राहिली.

शेरीफकडची कागदपत्रं हवी असतील तर टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्टखाली लेखी अर्ज करायचा, आपल्या माहिती अधिकारासारखाच. केंद्राचा माहिती कायदा, एफओआयए, इथे लागू नाही, तो फक्त फेडरल खात्यांना. साधा ईमेल चालतो, पण काउंटीने त्यासाठी ठरवून दिलेल्या पत्त्यावरच. त्यात नाव, जन्मतारीख, अटकेची तारीख लिहा आणि 'बुकिंग शीट आणि अटकेची मूळ माहिती' असं नेमकं मागा. 'सगळं द्या' म्हटलं की अडकतं. तपास चालू आहे म्हणून बाकी रिपोर्ट रोखू शकतात, पण त्यासाठी त्यांना दहा कामाच्या दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलला विचारावं लागतं, आणि कोणाला, कधी, कुठे, कशासाठी पकडलं ही मूळ माहिती तरीही द्यावी लागते. साध्या प्रतीला पानाला दहा सेंट. अर्ज नातेवाइकाने बाहेरून करावा, जेलमधल्या माणसाच्या अर्जाला उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. कोर्टाच्या कागदांना हा कायदा लागत नाही, ते क्लर्ककडूनच.

व्हिसावर असलेल्यांनी केस संपल्यावर क्लर्ककडून निकालाची सर्टिफाइड प्रत घ्याच, दोन-तीन घ्या. केस डिसमिस झाली, पुढे कोर्टाकडून रेकॉर्ड पुसूनही मिळालं, तरी व्हिसा आणि ग्रीन कार्डच्या फॉर्मवर अटक कधी झाली होती का हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर खरंच द्यावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या तर नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून कुठलाही गुन्हा कबूल करण्याआधी, क्रिमिनल वकील 'छोटं आहे, कबूल करून टाक' म्हणाला तरी, इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे त्याला विचारा. २०१०च्या पडिया केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की हे सांगणं वकिलाचं कामच आहे. आणि रेकॉर्ड पुसायचा अर्ज करणार असाल तर सर्टिफाइड प्रती त्याच्या आधी काढून ठेवा, एकदा पुसलं गेलं की क्लर्ककडे द्यायला काही उरत नाही. भाच्याच्या तीन प्रती आहेत, एक त्याच्याकडे, एक माझ्या कपाटात आणि एक ताईकडे साताऱ्याला.